नगरला आणलेला समुद्र

नगरला समुद्र नाही, पण आमची प्रयोगशाळा चालते समुद्राच्या पाण्यावर. पाण्यात प्रकाश सोडायचा, त्यातला किती गिळला, किती परत दिला ते मोजायचं, आणि त्यावरून आत काय चाललंय ते ओळखायचं. अशा ठिकाणी बेसिनला मीठ साचतं आणि आमच्याकडे किस्से!

*

नमुने उजेडात खराब होतात, म्हणून बाटल्या काळ्या कागदात गुंडाळतो. एकदा एसटीत कंडक्टर खोक्यात डोकावला. "बाई, ह्यात काय हाय?"

"समुद्राचं पाणी," आमच्या मॅडम म्हणाल्या.

"कशाला?"

"बघायला."

"लोक समुद्र बघायला जात्यात, तुमी त्यालाच एसटीत घातला!" असं म्हणून त्याने खोक्याचंही तिकीट काढलं.

*

बापू आमचे साहाय्यक, कोल्हारचे, घरची शेती. पहिल्यांदा त्यांनी काचेसारखं स्वच्छ पाणी गाळलं, तर गाळणकागद हिरवा! इतक्या बारीक वनस्पती की पाण्यात दिसतही नाहीत. त्यावर निळा प्रकाश टाकला, तर लाल चमकायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "आपल्या श्वासातला बराचसा प्राणवायू ह्यांनीच बनवलेला."

बापू बघतच राहिले. "म्हंजे समुद्र बी शेतीच करतोय की. अन् आपल्यापरीस लई मोठी."

तेव्हापासून दीर्घ श्वास घेताना मी जरा दबकतोच.

*

गेल्या वर्षी बापूंची आई गेली. अस्थी गावाजवळच्या प्रवरा नदीत सोडल्या. कामावर परतल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, प्रवरेतलं खरंच समुद्रापर्यंत जातं का? म्हातारीला समुद्र बघायचा हुता, ऱ्हाऊन गेलं. मधी धरण हाय. तिथंच अडकली असंल तर?"

मॅडमनी नकाशा काढला. त्यांचं बोट प्रवरेवरून निघालं आणि धरणापाशी थांबलं.

*

प्रवरा गोदावरीला मिळते. काही महिन्यांनी गोदावरीच्या मुखाजवळच्या समुद्राचा नमुना आला. खोलीत अंधार केला, अतिनील दिवा लावला, आणि पाण्यात मंद निळसर उजेड पसरला.

"हे नदीनं आणलेलं," मॅडम म्हणाल्या. "पानं, माती, काठावरचं जे जे विरघळलं ते. कुठल्या गावचं, ते मात्र यंत्र सांगत नाही."

"पर पोचलं," बापू म्हणाले.

मोजून झालं की पाणी बेसिनमध्ये ओतायचं, असा आमचा नियम. बापूंनी ती बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. मॅडमनी न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बापू, पाणी ओतलं का?"

"व्हय. कोल्हारला, प्रवरेत. समुद्र बघून झाला तिचा. म्हनलं, घरी सोडावं."