देवळीतलं घोडदळ

मी लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. लिहिणं हे ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांचं काम, असं मला अजून वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आणि एक वर्ष तिथं काढून मी घरी काय आणलं, तर शिशाचे घोडेस्वार.

हैदराबादेत आम्हाला प्राचीन इतिहास शिकवणारे सर विलायतेहून शिकून आलेले, वयस्कर, एकटे राहणारे गृहस्थ होते. त्यांच्या दिवाणखान्यात बाजेएवढं टेबल होतं. त्यावर वाळूच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी आणि बोटाएवढी शिशाची फौज. शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, सर आणि त्यांचे एक वकील मित्र तिथं रोमन लोकांच्या लढाया लढत. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून पलटण पुढं सरकवायची, आणि कोणाची फळी मोडली यावर चहा गार होईपर्यंत हुज्जत घालायची. मी कोपऱ्यात उभा राहून बघायचो. मला ते फार आवडलं होतं, आणि आवडलं याचीच लाज वाटत होती. घरी बा ढेकळं फोडत असताना मी इथं दोन मोठ्या माणसांचा खेळ बघून राहिलो होतो.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची सवय असल्यानं माझा हात स्थिर होता. सरांच्या ते एकदा ध्यानात आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी कापसात गुंडाळलेले घोडेस्वार एका पेटीत घालून माझ्या हाती दिले.

"मियाँ, ये रिसाला तुम रंगो. और जून से यहीं रहो. पीछे का कमरा खाली है."

त्या खोलीवर माझं सगळं अवलंबून होतं. ज्या नातेवाइकाच्या दुकानात मी वर्षभर झोपत होतो, त्यानं पुढच्या वर्षी नाही म्हणून सांगितलं होतं. बाचं म्हणणं सरळ होतं : राहायची सोय असली तर जा, नसली तर औत धर.

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडं. मी पोचलो तेव्हा हळद घोळून झाली होती आणि घरभर पिवळी धूळ होती. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी एकेक स्वार दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर मेणानं चिकटवला, कडेचं जास्तीचं शिसं कानशीनं घासलं आणि सगळ्यांना सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, पहिला हात दिला. हा हात नीट वाळल्याशिवाय वरचे रंग धरत नाहीत. तो वाळला की आधी घोडा, मग लगाम, मग स्वाराचा तांबडा झगा आणि शेवटी चेहरा. सफेदा जवसाच्या तेलात कालवलेला, त्यामुळं वाळायला चार दिवस जाणार होते. तोवर त्यांना धूळ, कोंबड्या आणि लेकरांपासून जपायचं होतं. घरात तशी एकच जागा होती, भिंतीतली देवाची देवळी. मी रिळं काढून स्वार तिथं मांडले, तेव्हा माय घरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी विहिरीवरून आलो तर माय देवळीपुढं हात जोडून उभी. पांढरे घोडे, वर स्वार, हातात उगारलेली तलवार. आमचं कुळदैवत खंडोबा. तिनं मूठभर भंडारा सगळ्यांवर उधळला होता, आणि ती हळद ओल्या सफेद्यात पुरती बसली होती.

"माय, हे देव न्हाईत."

"मंग कोण हायत?"

"रोमन शिपाई. लई जुने. दीड-दोन हजार वर्सं झाली मरून."

तिनं जरा विचार केला. "येवढ्या वर्सांपूर्वी मेले अन् अजून घोड्यावर बसून हायत. मंग देवच की रे."

तोवर शेजारच्या काकू आत आल्या. त्यांनी पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. दुपारपर्यंत आळीतल्या बाया येऊन गेल्या. संध्याकाळी चुलत्यानं दारातूनच विचारलं, "हैदराबादेत खंडोबा सवंग झाला काय? येवढे आणले, अन् म्हाळसा एक बी न्हाई?"

सगळे हसले. मीही हसलो.

चुलता गेल्यावर बानं मला गोठ्याकडं नेलं.

"खरं सांग. काय हाय ते?"

मी सांगितलं. सरांचं टेबल, फासे, पट्टी, लढाई. बा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होता.

"म्हंजी मास्तर बाहुल्या खेळतो."

"बाहुल्या न्हाईत बा. त्याच्यात इतिहास..."

"अन् तू त्या रंगवतो."

मी नखातला सफेदा खरवडू लागलो.

"म्या समद्या गावाला सांगितलं, पोरगं कोरटात मुन्सफ होऊन राहिलं. आता त्या देवळीतून एक बी घोडा हालवू नको. देव हायत तर देव राहू दे."

बा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघून बोलत होता. माझ्यामुळं त्याची मान खाली गेली होती, आणि माझी वर यायला तयार नव्हती. दोन गोष्टींपैकी एक तरी मी बोलायला पाहिजे होती. सरांचा खेळ हलका नाही हे, किंवा मला तिथं जायचंच आहे हे. मी बैलांना वैरण टाकली.

पुढच्या रविवारी आमच्या घरी खंडोबाची तळी उचलली. मीही ताटाला हात लावला.

जून आला. पेटी रिकामी होती. ती घेऊन सरांच्या दारात उभं राहायचं आणि तुमचं घोडदळ आमच्या देवळीत पुजतात म्हणून सांगायचं, हे मला जमेना. सर हसतील ही एक भीती, आणि ते मायला हसतील ही दुसरी, मोठी. "सोय झाली का?" असं बानं एकदाच विचारलं. मी म्हणालो, "न्हाई झाली." त्यानं दुसरं औत बाहेर काढलं.

मग रझाकारांचे दिवस आले. रस्ते बंद झाले, बातमी कुठूनच कळेना. फौजा येऊन गेल्यानंतर त्या हिवाळ्यात वसमतचा एक वर्गमित्र कुरुंद्याच्या बाजारात भेटला. मी सरांचं विचारलं.

ते शहर सोडून गेले होते. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण मी गेलो नाही त्या साली जूनपासून ते थेट परीक्षेपर्यंत मागची खोली त्यांनी कोणाला दिली नव्हती. दोन मुलांनी मागितली, तर म्हणाले, एक लडका आने वाला है.

"सर शिव्या देत असतील असं तुला वाटलं असंल," तो म्हणाला. "तसं काही न्हाई. मी तुझ्याकडच्या मुलखातला म्हणून मला दर शुक्रवारी विचारायचे. बीमार तो नहीं है ना वो?"