वन्स मोअर भाऊ

गाणं अजून सुरूही झालेलं नसायचं. गिटारवाला तारा जुळवत असायचा, ड्रमवाला आपलं स्टूल वरखाली करून बघत असायचा, आणि पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज यायचा, "वन्स मोअर." लोक हसायचे, स्टेजवरची पोरंही हसायची. आवाज देणारा माणूस मात्र गंभीर असायचा. त्याला ते तारा जुळवणं खरोखरच पुन्हा ऐकायचं असायचं. अमरावतीत आणि अकोल्यात जी मोजकी पोरं स्का, रेगे, रॉक असं परदेशी संगीत वाजवतात, त्यांच्या बहुतेक सगळ्या कार्यक्रमांना हा माणूस हजर असे. म्हणून या माणसाचं नाव वन्स मोअर भाऊ पडलं होतं.

भाऊंचं राजापेठेत फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, क्लासेसमधल्या हुशार मुलांचे फोटो, असं सगळं त्या एका यंत्रातून बाहेर पडायचं. मी अकोल्याची, इंजिनिअरिंगला अमरावतीत होते आणि दुकानामागच्या गल्लीत खोली घेऊन राहत होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स करायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू लॉनवर त्या पोट्ट्यायच्या गाण्याले आल्ती ना? मांगं उभी होती. काहून? समोर खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या." मी म्हटलं, समोर बसायला लाज वाटते. ते म्हणाले, "वाजवणाऱ्याले रिकाम्या खुर्च्यायकडं पाहून वाजवा लागते. त्याले किती लाज वाटत अशीन?"

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर पुढे बसू लागले. लाज गेली नव्हती. कारण भाऊ नुसते बसायचे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला उठून नाचायचे. पांढरा शर्ट खोचलेला, खिशात चष्म्याचं घर, आणि पायांची अशी हालचाल, की पाऊस झाल्यावर काळ्या रानातून चालताना चिखल चपलेला धरतो आणि माणूस एकेक पाय उपटून टाकतो, तसं. मी त्या वेळी मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत असायचे. एकदा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा वहिनी चहा देताना म्हणाल्या, "तुमी पोरी त्यायच्यासंग जाता, तुमाले कसं वाटत नाही? मी त एकडाव गेली. पदर तोंडावर घेऊन बसली होती." भाऊ तिथेच बसले होते. ते बशीतला चहा पीत म्हणाले, "पण बसली होती पूर्ण वेळ."

त्यांना संगीतातलं काही कळत होतं, असं म्हणता येणार नाही. बँडची नावं ते चुकीची सांगत. रेगे आणि स्का यांत गल्लत करत. पंकजने, म्हणजे 'काळी कसदार' नावाच्या बँडच्या गायकाने, त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं, की स्कामध्ये गिटारचा फटका ठेक्यावर नाही, ठेक्याच्या मधल्या जागेत पडतो. ते भाऊंना इतकं आवडलं, की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "उलटा पाय टाकते हे गाणं. आता पडते, आता पडते, असं वाटते. पण पडत नाही. माणसाले हिंमत येते आयकून." श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आलेल्या माणसालाही त्यांनी हे सांगितलं होतं. तो माणूस बिचारा मान हलवून ऐकत होता.

'काळी कसदार' ही त्यांची सगळ्यात लाडकी पोरं. कॉलेजची चार मुलं आणि पाचवा सुभाष. सुभाष अकोल्याच्या एका लग्नाच्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवायचा. स्काला ट्रम्पेट लागतं, आणि आमच्या भागात ते वाजवणारी माणसं वरातीतच सापडतात. पंकजने त्याला एका लग्नात ऐकलं आणि विनवण्या करून आणलं. स्टेजवर येताना सुभाष बँडपार्टीचा लाल कोट घालत नसे. साधा काळा शर्ट, तोही इस्त्रीचा. वाजवताना डोळे मिटून घ्यायचा. त्याचं वाजवणं सुरू झालं की भाऊ नाचायचं थांबत आणि हात बांधून उभे राहत. "बाकीच्यायचं गाणं हाये," ते मला म्हणाले होते, "याचं बोलणं हाये."

चिखलदऱ्याला पर्यटकांसाठी एक महोत्सव होता. त्यात 'काळी कसदार'ला बोलावणं आलं. एवढ्या मोठ्या स्टेजवर ती पोरं पहिल्यांदाच चढणार होती. भाऊंनी दुकान बंद ठेवलं. मी आणि माझी मैत्रीण त्यांच्याच गाडीतून गेलो. वाटेत घाटात धुकं होतं आणि भाऊ पूर्ण रस्ता बोलत होते. "आज लोकायले कळन, आपल्याकडं काय हाये ते."

संध्याकाळी मैदान भरलेलं होतं. पण ती गर्दी गाणं ऐकायला आलेली नव्हती. आधी फॅशन शो झाला होता, नंतर लकी ड्रॉ होता, आणि मधल्या जागेत या पोरांना टाकलं होतं. पहिलं गाणं अर्ध्यात असतानाच मागून "डीजे लावा" असं सुरू झालं. पोरं वाजवत राहिली. दुसऱ्या गाण्यात सुभाषने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि कुणीतरी ओरडलं, "अबे, हा त वरातीतला हाये. घोडा कुठं गेला?" मैदान हसलं. दुसऱ्याने नवरदेव कुठंय म्हणून विचारलं. मग तिथले पोरगे हात वर करून वरातीतला नाच करू लागले, नोटा ओवाळल्याचे हातवारे करू लागले.

सुभाषचा सूर कापला. तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा कापला. पंकजने कसंबसं गाणं संपवलं. क्षणभर कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढ्यात भाऊ खुर्चीवरून उठले. त्या पोराला आधार द्यायचा होता त्यांना, दुसरं काही नव्हतं मनात. सगळा जीव एकवटून ते ओरडले, "वन्स मोअर."

गर्दीला तेच हवं होतं. मागून कुणीतरी तो शब्द उचलला. मग सगळ्या मैदानाने उचलला. "वन्स मोअर, वन्स मोअर," टाळ्यांच्या तालावर, शिट्ट्या मारत, घोड्यासारखं खिंकाळत. भाऊ मागे वळून हातांनी थांबा थांबा म्हणत होते. ते लोकांना आणखीच गमतीचं वाटलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. ती गर्दी आमच्याच भागातली होती, आमच्यासारखंच बोलणारी. मला जमिनीत तोंड खुपसावंसं वाटत होतं. स्टेजवर सुभाषने ट्रम्पेट पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या नीट लावल्या आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेला. निवेदिकेने लकी ड्रॉ पुकारला.

परतताना परतवाड्याला चहासाठी थांबलो, तर भाऊ खाली उतरले नाहीत. मी काचेतून कप आत दिला. तो हातात धरून बसले आणि म्हणाले, "म्याच देल्लं त्यायच्या हातात."

पुढच्या आठवड्यात कळलं, की सुभाषने बँड सोडला. भाऊ माझ्या खोलीशी आले आणि मला म्हणाले, "तू अकोल्याले घरी जाशीन तवा मले संग ने. एकट्याची हिंमत होत नाही." आम्ही रविवारी गेलो. बँडपार्टीचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. भिंतीवर लाल कोट ओळीने टांगलेले, खाली ढोल रचलेले. सुभाष फडक्याने ट्रम्पेट पुसत बसला होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. भाऊंनी पाण्याला हात लावला नाही.

"सुभाष," ते म्हणाले, "माह्या मनात तसं नव्हतं."

"मले मालूम हाये, भाऊ."

"तुले वाटलं अशीन, याच माणसानं सुरू केलं."

सुभाष पुसायचं थांबला. तो रागावलेला नव्हता, ते मला जास्त लागलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमी एकडाव ओरडले. बाकीचे ओरडतच राह्यले. त्यातलं तुमचं कोणतं होतं, ते मले आता आठवत नाही. आठवाले गेलो का सगळ्यायचंच आयकू येते."

भाऊ म्हणाले, "त्या पोट्ट्यायमधी परत जा. माह्यामुळं नको सोडू."

"वरातीत लोक मले घोड्याच्या समोरचा म्हणतात, त मी घोड्याच्या समोरच असतो," सुभाष म्हणाला. "तिथं कोणी हसत नाही. हसले तरी लग्नाच्या आनंदात हसतात. तिकडं वर चढून हसू कायले करून घ्यायचं?"

बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाले, "माफ नाही केलं त्यानं." मी म्हटलं, रागावलाही नाही. ते म्हणाले, "रागावला असता त बरं झालं असतं, पोरी."

त्यानंतर भाऊ गप्प झाले. कार्यक्रमांना यायचे, पण मागे, रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी उभे राहत. 'काळी कसदार'ची पोरं ट्रम्पेटशिवाय वाजवत होती. गाणं संपलं की पंकजची नजर पुढच्या रांगेत जायची आणि रिकामीच परत यायची. त्याने मला एकदा विचारलं, "भाऊ आमच्यावर नाराज आहेत का?" मी नाही म्हटलं. मी भाऊंना पुढे चला म्हणायचे, तर ते म्हणत, "आपण चांगल्या मनानं तोंड उघडलं, म्हणून ते चांगलंच होईन असं नसते." दुकानात यायच्या लोकांना उलट्या ठेक्याबद्दल सांगणंही बंद झालं. वहिनी मला म्हणाल्या, "आता घरात गाणं लावून पाय आपटत नाहीत. मले वाटलं होतं मले बरं वाटन."

मग त्यांचं वरातींना जाणं सुरू झालं. हे मला आधी माहीत नव्हतं. सुट्टीत अकोल्याला गेले असताना आमच्याच गल्लीतून एक वरात चालली होती. सुभाषची पार्टी होती, म्हणून मी फाटकाशी उभी राहिले. पाहते तर रस्त्याच्या कडेने, वरातीपासून थोडं अंतर ठेवून, भाऊ चालत होते. हात बांधलेले, नजर खाली. मला पाहून ओशाळले. "दुकानाच्या कामानं आलो होतो," म्हणाले. नंतर वहिनींकडून कळलं, की लग्नसराईत ते दर रविवारी जातात. सुभाष कुठे वाजवणार आहे ते बँडपार्टीच्या दुकानात फोन करून विचारतात, आपलं नाव सांगत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, तो तुम्हाला बघतो. त्याला त्रास होत असेल." ते घाबरल्यासारखे झाले. "तसं वाटते का तुले? मी समोर जात नाही. लांबूनच असतो. त्याचं वाजवणं आयकल्याबिगर आठवडा जात नाही माहा."

माझं शिक्षण संपलं, पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आधी एका मैत्रिणीचं लग्न होतं, बार्शीटाकळीला. सकाळची वेळ, ऊन तापायला लागलेलं. नवरदेवाची वरात मांडवाजवळ आली आणि मी कौतुकाने पुढे गेले, तर लाल कोटांमध्ये सुभाष दिसला. मी आपोआप रस्त्याच्या कडेला पाहिलं. भाऊ होतेच. पांढरा शर्ट, कपाळावर घाम. चिखलदऱ्यानंतरच्या दोन वर्षांत फारच वाळले होते. मी हात केला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मांडवाच्या दाराशी वऱ्हाडावर अक्षता-गुलाबपाणी चाललं होतं. वरात थांबली तसे भाऊ गर्दीच्या रेट्याने आत ढकलले गेले. नवरीच्या काकांनी त्यांना टोपी घालायला म्हणून हात पुढे केला, आणि चेहरा ओळखीचा वाटेना तसा थांबवला.

"पाव्हणे, तुमी कोण्याकडचे? नवरीकडचे का नवरदेवाकडचे?"

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी मागे सरकायला पाहिलं, पण मागे माणसं होती. काकांनी साध्याच आवाजात विचारलं होतं, तरी आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. "मी जातो," भाऊ पुटपुटले. "चुकून आलो." मी पुढे व्हायला लागले, माझे आहेत म्हणून सांगायला.

तेवढ्यात ट्रम्पेट थांबलं. मागून नवरदेवाचे मित्र वाजव वाजव म्हणून ओरडत होते. सुभाषने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तोंडावरून ट्रम्पेट खाली घेतलं, कोटाच्या बाहीने ओठ पुसले आणि काकांना म्हणाला, "बँडकडचे हायेत ते."

काकांनी भाऊंकडे पाहिलं, सुभाषकडे पाहिलं, आणि हातातली टोपी भाऊंच्या डोक्यावर ठेवली.

भाऊंनी मान वर केली नाही. सुभाषनेही पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही, लगेच वाजवायला लागला. वऱ्हाड आत गेलं, बँडवाले मांडवाबाहेर लिंबाच्या सावलीत बसले. मी पंगतीतून उठून बाहेर आले, तेव्हा भाऊ त्यांच्यातच बसलेले होते, टोपी डोक्यावर तशीच. पत्रावळी मांडल्या गेल्या. सुभाषने वरणाचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं, आधी भाऊंच्या पानात वाढलं आणि मग पुढे सरकवलं.