वरचा टोमॅटो

आमच्या दुकानाच्या फरशीवर वाळू असते, अशी एक तक्रार इंटरनेटवर आहे. एका ताऱ्यासकट, कुणीही जाऊन वाचावी. ती लिहिणारी बाई किहीमच्या किनाऱ्यावरून तशीच ओल्या चपलांनी आमच्या दारात आली होती, आणि तिच्या पोराच्या चड्डीतून वाळू गळत होती. मी मॉप घेऊन त्यांच्या मागे मागे फिरले. 'जरा पाय घेता का?' असं विचारलं तर बाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मॉपच बोलला. मग बंगल्यावर जाऊन तिने लिहिलं : 'स्वच्छतेचा दर्जा घसरला आहे.'

मला या माणसांचा तिटकारा आहे. लपवत नाही. कॉलेजात असल्यापासून मी संघटनेची पत्रकं लिहिते, एसटी स्टँडवर उभी राहून वाटते. तिथे आम्ही 'भांडवलदार' वगैरे लिहायचो, आणि माझ्या डोळ्यांसमोर कोणी सुटाबुटातला माणूस यायचा. दुकानात नोकरीला लागले तेव्हा कळलं, तो सुटात नसतो. तो हाफ पँटमध्ये असतो, पोटऱ्या उन्हाने लाल झालेल्या असतात, आणि तो अव्होकाडो मागतो.

दुकान आमचं मांडव्याच्या रस्त्यावर. गावातली माणसं त्याला मॉल म्हणतात. देशभर शाखा आहेत म्हणे, सगळीकडे तोच पिवळा रंग आणि तेच गाणं. सोमवार ते शुक्रवार आमची माणसं येतात. तेल, डाळ, साबण घेतात, पोराला एसीत दोन फेऱ्या मारून आणतात आणि जातात. शनिवारी सकाळची मुंबईची बोट मांडव्याला लागली की तासाभरात दारात गाड्यांची रांग. मग सुरू. ब्रेड अंगठ्याने दाबून बघायचा आणि दाबलेला ठेवून मागचा घ्यायचा. आइस्क्रीम उचलायचं, विचार बदलायचा, आणि ते कपड्यांच्या साबणामागे खुपसून ठेवायचं. चार वाजता साबणाखालून गुलाबी ओघळ आला की मोबाईल काढायचा, फोटो काढायचा. 'धिस इज द स्टँडर्ड नाऊ.' अरे, मुंबईत तुमच्या घराखालच्या दुकानात काय फरशी चाटून घेतात का? पण नाही. बोटीत बसलं की यांना दर्जा आठवतो.

एक तारा आला की हेड ऑफिसातून साहेबांना मेल येतो. साहेब म्हणजे आमचा मॅनेजर, पनवेलचा मुलगा, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा. वाईट नाही. फक्त त्याला पाठीचा कणा बसवताना कोणीतरी घाई केलेली आहे. मेल आला की तो ओठ चावत आमच्यामध्ये येऊन उभा राहतो. 'एस्केलेशन आहे, यार.'

त्या आठवड्यात एस्केलेशन आलं ते थळच्या मावशीवर.

मावशी भाजीच्या काट्यावर उभी असायची. तुम्ही पिशवीत कांदे-टोमॅटो भरून आणायचे, तिने वजन करायचं, मशीनमधून निघालेलं लेबल चिकटवायचं, एवढंच काम. आयुष्यभर तिने मासळी विकली होती. डोक्यावर पाटी घेऊन थळपासून अलिबागपर्यंत. मग मानेतला मणका झिजला. पाटी उचललीत तर हात कायमचा लुळा पडेल, असं डॉक्टरने सांगितलं. मुलगी नर्सिंगला होती, नवऱ्याचं होडीवर जाणं बंद झालेलं. तेव्हा ही नोकरी म्हणजे तिच्या मानेला मिळालेली सुट्टी होती. 'आता वजन मशीन उचलता, मी नुसती बघताव,' असं ती हसत सांगायची.

पण एक सवय तिच्या हातातून गेली नाही. आमच्याकडे बाजारात तुम्ही वाटा घेतलात की कोळीण वर दोन मासे टाकते. न मागता. गिऱ्हाईकही पिशवीचं तोंड लगेच मिटत नाही. क्षणभर उघडं धरून उभं राहतं. पडला मासा की मग गाठ. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. मावशी लेबल चिकटवायची आणि वर एक टोमॅटो टाकायची. किंवा दोन मिरच्या. सडका नाही, चांगला बघून. आमची माणसं पिशवी उघडी धरायचीच. बंगलेवाल्यांना पत्ताही नसायचा. ते फोनवर बोलत असायचे.

यांतला एक मात्र घरी गेला आणि त्याने पिशवी पुन्हा जोखली. किहीमला बंगला, दर शनिवारी येणारा, चष्मा टकलावर चढवलेला. घरी स्वतः पाव भाजतो म्हणून त्याच्याकडे ओट्यावर ठेवायचा नाजूक काटा. पिठासाठी घेतलेल्या त्या काट्यावर याने आमचे टोमॅटो ठेवले. रिकामपण माणसाला कुठे नेतं बघा! आणि लिहिलं : 'लेबलवर एक वजन, पिशवीत दुसरं. इतक्या मोठ्या ब्रँडकडून ही अपेक्षा नव्हती.'

हेड ऑफिसात ते वाचणाऱ्यांनी अर्थ काढला तो एकच. कमी भरलं. दुकानवाला कमीच भरणार, दुसरं काय. मेल आला, गिऱ्हाइकाची माफी मागा, जबाबदार कर्मचाऱ्याचा खुलासा घ्या.

पुढच्या शनिवारी साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बसवलं. थंड कॉफी दिली, बिस्किटं-चॉकलेटं भरलेली एक टोपली दिली, वर चमकता कागद. मावशीला बोलावलं. बिल मी केलं होतं म्हणून मलाही. मावशी पदराला हात पुसत आली. साहेबांनी घसा साफ केला.

'सर, वजन कमी भरल्याबद्दल आम्ही मनापासून...'

'कमी?' त्याने कॉफीतली नळी बाजूला केली. 'कमी कोण म्हणालं? जास्त होतं. एक टोमॅटो एक्स्ट्रा.'

मी हसले. आवरलंच नाही. साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

'मग सर, तुमचं नुकसान...'

'नुकसानीचा प्रश्नच नाही. प्रश्न स्टँडर्डचा आहे. आज जास्त, उद्या कमी. म्हणजे तुमच्याकडे सिस्टिमच नाही. तुम्हा लोकांना हे समजतच नाही, आणि म्हणून आपला देश मागे राहतो.'

एका टोमॅटोवरून देश! आम्ही पत्रकातसुद्धा इतकी मोठी उडी मारत नाही.

मावशी जरा पुढे झाली. 'खाल्लास ना पण?'

'एक्स्क्यूज मी?'

'टोमॅटो. वरचा. खाल्लास का परत आणलास?'

त्याने साहेबांकडे बघितलं, म्हणजे हिला आवरा. साहेबांनी फरशीकडे बघितलं. टोपली मात्र त्याने नेली. चमकत्या कागदासकट, काखेत मारून. एक टोमॅटो फुकट आला तर देश मागे राहतो, टोपलीभर चॉकलेटं फुकट आली तर नाही.

मला वाटलं, मिटलं. गिऱ्हाईक स्वतःच जास्त म्हणतंय, आता कसला खुलासा? साहेबांनी दार लावलं तेव्हा कळलं, खरी पंचाईत आता झाली होती.

कमी भरलं, तर कंपनीच्या हिशेबी ती चूक. समज देतात, पनवेलला एक दिवस ट्रेनिंगला बसवतात, समोसा देतात, परत पाठवतात. जास्त भरलं, आणि तेही मुद्दाम, तर तो बिलाशिवाय बाहेर गेलेला माल. म्हणजे चोरी. त्याला समोसा नाही. गिऱ्हाइकाला लुबाडलंत तर तुम्ही वेंधळे, गिऱ्हाइकाला दिलंत तर तुम्ही चोर. आणि रोज सकाळी मागच्या दाराने याच टोमॅटोंचे क्रेट आम्ही कचऱ्यात ओततो, ते कोणाच्या खात्यात जातं? विचारलं मी. साहेब म्हणाले, 'ते खर्चाचं वेगळं हेड आहे.'

मग त्यांनी आवाज खाली आणला. खरंच तिला वाचवायला बघत होते ते.

'मावशी, ऐका. हेड ऑफिसला वाटतंय कमी होतं. वाटू दे. तुम्ही लिहून द्या, बटण चुकीचं दाबलं गेलं, वजन चुकून कमी भरलं. मी पुढचं बघतो.'

'कमी दिला असा लिहू?'

'फक्त लिहायचंय हो. कोण बघतंय?'

'माजी आय बसायची बाजारात. तिची आय बसायची. आमचे पाटीवर कमी मिळाला असा कोण माजे तोंडावर बोलला न्हाय कवा. आनि मी माजे हातानं लिहून देऊ?'

'मावशी, नोकरी जाईल!'

'जाऊ दे.'

'मुलीची फी कोण भरणार?'

हे त्याने बोलायला नको होतं. मावशीचा चेहरा एकदम लहान झाला. तिचा हात आपसूक मानेकडे गेला, दुखत्या जागेवर. मला वाटलं, आता लिहील. कोणीही लिहिलं असतं.

'पोरा,' ती म्हणाली. तोवर ती त्याला साहेबच म्हणायची. 'तुजा कागद तू लिव. जास्त दिला असा लिव. मी सही करताव.'

आणि केली. शाळेत शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं. खाली मान घालून ती लिहीत होती, त्या मानेकडे बघवत नव्हतं. सोमवारपासून तिचं ओळखपत्र दारावरच्या मशीनला चालेनासं झालं.

मी पेटले होते. म्हटलं, मावशी, पत्रक काढते, मोर्चा नेते, त्याचं नाव सगळ्या किहीमला कळवते.

'तुजे पत्रकानं माजी मान बरी होल काय गो?'

तरी काढलं. स्टँडवर वाटलं. लोकांनी वाचलं, च्यक् च्यक् केलं, आणि शेंगदाणेवाल्याने उरलेल्या गठ्ठ्याचे पुडे केले. हळहळायला आमची माणसं एक नंबर. त्याच मावशीचा टोमॅटो वर्षभर पिशवी उघडी धरून घेतलेली माणसं, त्यांतलं एकही साहेबांच्या खोलीपर्यंत आलं नाही. बंगलेवाल्यांना शिव्या घालणं सोपं असतं. ते निदान दोन रात्रींनी परत तरी जातात.

त्या माणसाने आपली तक्रार दुरुस्त केली. एकाचे पाच तारे. 'तत्पर कारवाई. असाच दर्जा अपेक्षित.' साहेबांनी ते आमच्या ग्रुपवर टाकलं, खाली टाळ्यांचे हात. टाळ्या कोणी कोणी वाजवल्या ते मी बघून ठेवलं आहे.

मावशी आता वरसोलीकडे एका बंगल्यात भांडी घासते. पाटी उचलायची नाही ना, मग वाकायचं. मुलीचं नर्सिंग चालू आहे. रस्त्यात भेटली की मावशी हसते, दुकानाचं काही विचारत नाही.

भाजीच्या काट्यावर आता मी असते. हेड ऑफिसातून टेप आली आहे. वजन झालं की पिशवीच्या तोंडाला टेप मारायची, लेबल टेपवर. आमच्या गावाकडच्या बाया अजून पिशवी उघडी धरून क्षणभर थांबतात. मी टेप ओढते, तिचा कर्रर्र आवाज होतो, आणि त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच त्यांच्या घरातलं काही उचलून नेलं.

गेल्या शनिवारी तो आला. चष्मा टकलावर. टोमॅटोच होते पिशवीत. मी वजन केलं, टेप मारली, पिशवी सरकवली. तो हलेना. टेपकडे बघत राहिला.

'इथे एक बाई असायच्या ना? वयस्कर. लोकल. दिसत नाहीत.'

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. खरंच आठवत नव्हतं त्याला. टोपली खाऊन संपली, तारे देऊन झाले, विषय संपला.

'नाहीत,' मी म्हटलं.

'अरेरे. छान होत्या हो. एक पर्सनल टच असायचा. हे टेप वगैरे फारच मेकॅनिकल वाटतं. दर्जा राहिला नाही.'

'मग तक्रार करा,' मी म्हटलं. 'तुमची तक्रार लगेच ऐकतात. मागच्या वेळी त्याच बाईला काढलं.'

त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पोटऱ्यांच्या रंगाचा. टोमॅटो तिथेच टाकून तो गेला.

तक्रार त्याने केली. माझ्यावर. 'उद्धट कर्मचारी', एक तारा. साहेब ओठ चावत आले, कागद तयार करूनच आणला होता. मी ते चुकून बोलून गेले, असं त्यात लिहिलेलं. खाली सहीची जागा. सही केली की पनवेलला एक दिवस ट्रेनिंग.

'चुकून' तेवढं मी खोडलं आहे. साहेब म्हणतात, खाडाखोड केलेला कागद हेड ऑफिस घेत नाही, नवा आणून देतो. आणू दे. त्यावरही खोडेन.