दोघांत एक

भास्करदादा नदीत उतरताना हातातलं घड्याळ काठावर कधी ठेवत नसे. जवळ जो कोणी उभा असेल त्याच्या मनगटाला ते बांधून तो सूर मारी आणि बाहेर आल्यावर बहुधा ते परत मागायला विसरे. मग चार दिवस ते घड्याळ सापगावात फिरत राही. वहिनी चिडल्या की तो म्हणे, "वेळ काय माज्या एकट्याची हाय? ज्याला बघायची त्यानं बघावी."

आमच्या आळीची रीतच तशी होती. शिडी एक, पहार एक, लग्नकार्याची मोठी पातेली एकाच घरी, आणि ते घर भास्करदादाचं. मी शेजारी राहायची. वाशिंदच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथेच मी स्टोअरमध्ये होते. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय. त्यावरून तो मला सोडत नसे. "सुमन, मेल्यावर यमालापन यादी दाखवशील गो. तो म्हनंल, बाई, तूच बस माज्या खुर्चीवर."

कारखान्याची सहल मालवणला गेली, तेव्हा पाठीला हवेची टाकी लावून तो पहिल्यांदा समुद्राखाली गेला. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. परतला तो त्याच वेडात. मुरबाडला विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या नामदेवभाऊंना, त्याच्या शाळेतल्या दोस्ताला, त्याने ओढलं. दोघांनी रीतसर शिक्षण घेतलं आणि दर दिवाळीच्या सुट्टीत समुद्र गाठू लागले. मी एकदा विचारलं, "दादा, बघता काय तिथं?"

"काय नाय गो. तिथं कोन बोलत नाय, तेच बघतो."

पुढे त्यांना कर्नाटकातल्या एका बेटाजवळ जास्त खोल पाण्यात जायचं होतं. त्यासाठी डाइव्ह कॉम्प्युटर हवा. दिसायला जाड मनगटी घड्याळासारखा. बुडी किती खोल, किती वेळ, यावरून अंगात किती वायू मुरला याचा तो हिशोब करतो, आणखी किती वेळ खाली राहणं सुरक्षित आहे ते सांगतो. त्याचा इशारा मोडून वर आलं, तर मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस अधू होऊ शकतो. निवड अर्थात माझ्याकडे आली.

मी शहापूरच्या सायबर कॅफेत बसून माहिती काढली. दादाला जवळचं दिसत नव्हतं, म्हणजे आकडे मोठे हवेत. यंत्रांच्या आवाजाने त्याचा एक कान गेला होता, म्हणजे नुसती शिट्टी नको, पडदाही लुकलुकायला हवा. आपल्याकडे दुरुस्तीवाला नाही, म्हणजे सेल घरी बदलता यावा. टाकीतली हवा मोजणारं महागडं मॉडेल नको, त्याला वेगळा काटा असतोच. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं : दोन घ्या.

ओटीवर बसून दोघांनी यादी वाचली आणि शेवटी आल्यावर एकमेकांकडे पाहिलं. नामदेवभाऊ म्हणाले, "दोन कशाला, ताई? आमी उतरतो बरोबर, निघतो बरोबर. एकानं बघितला म्हंजे झाला."

"शिडी काय परत्येकाच्या घरात लागते?" दादा म्हणाला.

"ही शिडी नाही, दादा. थर्मामीटर तुमच्या काखेत लावला तर नामदेवभाऊंचा ताप कळेल का?"

"थर्मामीटरपन आळीत एकच हाय," दादा म्हणाला, आणि दोघे पोट धरधरून हसले. वर्गणी काढून एकच आला. जायच्या आदल्या संध्याकाळी, ज्याच्या हाताला बांधाल त्याच्याच हाताला ठेवा, असं मी दादाला बजावलं. "बरं गो बाई," एवढंच म्हणाला.

बेटाजवळ पहिल्या सकाळी त्याने तो हौसेने नामदेवभाऊंच्या हाताला बांधला. नामदेवभाऊ खडकाच्या कडेने वरच राहिले. एक मोठा मासा कपारीत शिरला म्हणून दादा त्यांच्या बराच खाली, तळापर्यंत गेला आणि तिथे रेंगाळला. दुपारी तो बांधायची पाळी दादाची. कॉम्प्युटरला ठाऊक होती ती फक्त नामदेवभाऊंची उथळ सकाळ. त्याने दादाला भरपूर वेळ दाखवला आणि दादाने तो सगळा वापरला.

संध्याकाळी खांदा दुखू लागला. टाकी उचलल्याने असेल, असं म्हणून दोघांनी बाम चोळला. सकाळी दादाला उभं राहता येईना. ज्या दाबाच्या खोलीत यावर उपचार होतात, ती फार लांब होती. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

मी वहिनींना घेऊन गेले. बुडीच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर कोणाच्या हातात होता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांच्याखेरीज खोलीत आम्ही तिघंच होतो. दादाने खरं ते सांगितलं. डॉक्टर लिहीत राहिले. ते गेल्यावर दादा मला म्हणाला, "नामदेवला यातला काय सांगू नको. सकाळी त्याच्या हातात व्हता, हे तो जन्मभर धरून बसंल."

नामदेवभाऊ आले तेव्हा, दाबाचा संशय खोटा ठरला, टाकी उचलताना मणका सरकला, असं त्यांना सांगितलं गेलं. सांगणारा दादाच होता.

पुढची काही वर्षं तो काठी टेकत ओटीपर्यंत येई, मग तेही संपलं. शिडी मागायला येणारे दारातूनच परत जाऊ लागले. पडून राहून पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिचं नाव तो काढत नसे. दर रविवारी नामदेवभाऊ मुरबाडहून एसटीने येत आणि आता मणका कसा आहे ते विचारत. दादा म्हणे, "हाय तसाच हाय. तू बुड्या बंद करू नको रे."

शेवटच्या हिवाळ्यात एका रविवारी त्याने मला तो कॉम्प्युटर कपाटातून काढायला सांगितला. मग स्वतः नामदेवभाऊंच्या मनगटाला पट्टा बांधला.

"असू दे रे तुज्याकडंच," नामदेवभाऊ म्हणाले. "दोघांचा हाय."

"नाय रे," दादा म्हणाला. "ही शिडी नाय."

बोलून गेला आणि पट्ट्याचं टोक खोचू लागला. नामदेवभाऊंनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे; ओटीवर ते वाक्य माझं होतं. मी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी मणक्याबद्दल कधीच विचारलं नाही.

दादा त्याच थंडीत गेला. नामदेवभाऊ पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मुरबाडला त्यांच्या दुकानात गेलं की कॉम्प्युटर मनगटावर दिसतो. सेल संपला की ते स्वतःच नवा घालतात. सेल घरी बदलता यावा, हे मीच लिहिलं होतं.