दिनूच्या फोनवरचं गाणं

जगातली यच्चयावत गाणी एकाच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली जातात आणि तो माणूस पोलादपूरच्या वर कुडपणला राहतो, याबद्दल माझ्या बायकोच्या मामांना कधीच शंका आली नाही. लग्नातला बँड असो की सलूनमधला रेडिओ, मामा हातातलं काम टाकून कान द्यायचे आणि गंभीरपणे मान हलवायचे. एकदा पोलादपूरहून वर येताना मिनीडोर रिक्षावाल्याने रुसलेल्या नायिकेचं गाणं लावलं. मामा अर्ध्या वाटेत उतरले, चालत बाजारात परत गेले आणि मामीसाठी डझनभर बांगड्या घेऊन अंधार पडताना घरी पोचले. मामी म्हणाली, "मी कशाला रुसतेय? आता आनल्यात तर द्या हिकडं." सवच्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांचे गुडघे शेकायला नेलं, तर शेजारच्याच्या मोबाइलवर ताटातुटीचं गाणं लागलं. मामा ओल्या पंच्यानिशी बाहेर. "चला जावयबापू, गुडघं जायाचंच हायत. आताच सांगितलान." पंगतीत मी त्यांच्या नकला करायचो आणि लोक जेवण सोडून हसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यानंतर मी नकला बंद केल्या. शिमग्याला गावदेवीची पालखी प्रत्येक दारात येते आणि त्या घरचा माणूस ती खांद्यावर नाचवतो. मामांचे गुडघे गेलेले, म्हणून भरवसा सगळा दिनूवर, त्यांच्या एकुलत्या मुलावर. तो मुंबईहून निघाला आणि गाडी हायवेवर बंद पडली. पालखी दारात बराच वेळ थांबली, मग न नाचताच पुढे गेली. दिनू धापा टाकत आला तेव्हा ती शेजारच्या अंगणात होती. मामा गावासमोर ओरडले, "देवी दारातनं गेली, आता तू बी जा! उंबऱ्यात पाय ठेवू नको." दिनूने मामीसाठी आणलेली पिशवी पायरीवर ठेवली आणि तो आल्या पावली परतला. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

पण फोन लावला की गाणं वाजतं. पठाराच्या कडेला रेंज येते, तिथपर्यंत मामा लंगडत रोज जायचे, अख्खं गाणं ऐकायचे आणि मामीला येऊन सांगायचे, "येतो म्हनतोय गो, पन आता नाय." दिवाळीत गाणं बदललं, त्यात भांडण होतं, तर मामा दोन दिवस जेवले नाहीत. रिचार्जबरोबर कंपनीच गाणं चिकटवते, दिनूला त्याचा पत्ताही नसेल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मामीने मागून माझा हात दाबला. तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

यंदाच्या शिमग्याला मामांच्या दारात पालखी शेजाऱ्याने नाचवली. दुपारी मी मामांबरोबर कडेपर्यंत गेलो. त्यांनी फोन लावला, कानाला धरला, परत लावला.

"जावयबापू, आज गानं नाय. बाय बोलतेय."

मी फोन कानाला लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, कृपया नंबर तपासा. या माणसाच्या नकला करून मी टाळ्या घेतल्या होत्या, याची मला लाज वाटली.

मामा मात्र विचारात पडले होते. गाणं ऐकताना हलायची तशी त्यांची मान हलली. "तपासा म्हनतेय ना? म्हंजे आपल्याकडनंच चुकला असंल." त्यांनी खिशातून घडीवर फाटत आलेला कागद काढला. अक्षर दिनूचं होतं. "तुम्ही वाचा, मी दाबतो."

नंबर बरोबरच होता. मी एकेक आकडा सावकाश वाचत गेलो, आणि शेवटच्या आकड्यापाशी माझी जीभ उचलेना.

"सांगा ना," मामा म्हणाले. "एकच ऱ्हायलाय."