वासुदेवभाऊंची चाकांवरची खोली

वासुदेवभाऊंना काहीही विचारा, उत्तर एकच. जेवण झालं का, वहिनींची तब्येत कशी आहे, भिंत उभी राहिली का? "होऊन राहिलं." काम बिघडलेलं समोर दिसत असलं तरी ते शांतपणे म्हणत, "होऊन राहिलं ना, ताई."

तुमसरला आमची घरं शेजारी शेजारी. मी शिवणकाम करते. भाऊंनी उभा जन्म इथल्या एका राईस मिलचा ट्रक चालवला. ते घरी बसले त्याच सुमारास कौसल्यावहिनींना विसरण्याचा आजार जडला. मूलबाळ नव्हतं. वहिनी भर दुपारी पिशवी घेऊन स्वतःच्याच दारात उभ्या राहत आणि म्हणत, "मले घरी जाऊ द्या." हेच घर आहे हे सांगून भाऊ थकत. दाराला कडी लावली की वहिनी दारावर डोकं टेकवून रडत.

एकदा त्या हरवल्या. शोधता शोधता स्टँडवर सापडल्या, भंडाऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या. भाऊ शेजारी बसले आणि तसेच भंडाऱ्यापर्यंत जाऊन आले. वाटभर वहिनी रडल्या नाहीत. परत आल्यावर भाऊ मला म्हणाले, "चालत्या गाडीत ते रडत नाई, ताई. तिले वाटते, घरीच जाऊन राहिलो."

मग त्यांनी एक जुना टेम्पो आणला. त्याच्या पाठीवर वहिनींना आडवं होता येईल अशी खोली बांधायची होती. आपल्याकडच्या उन्हात पत्रा भाजून काढतो, म्हणून भिंती थर्माकोलच्या करायच्या ठरल्या. शीतगृहाला लावतात तसले जाड, टणक तक्ते त्यांनी मिळवले आणि अंगणात पसरले.

तक्ते जोडायला पहिल्यांदा त्यांनी चपला चिकटवायचं सोल्यूशन लावलं. बघता बघता थर्माकोल विरघळायला लागला. कडांना खड्डे पडले, तक्ता आत बसत गेला. पुसायला जावं तर फडक्याबरोबर आणखी निघून येई.

मग सुताराचा पांढरा गोंद आला. भाऊंनी कडांना खाचा पाडल्या, खाचेत खाच बसवली, पकडीसाठी बांबूच्या काड्या टोचल्या आणि भिंत दोरीनं आवळून ठेवली. कितीतरी दिवसांनी दोरी सोडली तर भिंत मधूनच उघडली. आतला गोंद ओलाच होता. दोन्हीकडून थर्माकोल, त्याला हवा लागणार कुठून? तेवढ्या दिवसांत वहिनी माझं नाव विसरल्या होत्या, घास चावायचा असतो हे विसरू लागल्या होत्या. बोटाला लागलेला गोंद बघत भाऊ म्हणाले, "हे वाळत नाई, आन् ते थांबत नाई."

शेवटी भंडाऱ्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी फवारायचा फेस आणला. फटीत भरला की तो फुगतो आणि घट्ट धरतो. भिंती उभ्या राहिल्या. मी जुन्या चादरी शिवून दिल्या. त्या गोंदात भिजवून भाऊंनी आतून-बाहेरून चढवल्या आणि वर रंग दिला. कुठं बोटभर फट राहिली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वैनगंगेवर, कारध्याला गेलो. भाऊ पुढे गाडी चालवत होते, मी मागे वहिनींजवळ बसले. वहिनी खरंच शांत होत्या, मांडीवरच्या पिशवीशी खेळत होत्या. नदीजवळ गाडी थांबवून भाऊंनी मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला. वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "हा कोन व्हय? याले म्हना, मले घरी पोचवून दे. माहा नवरा वाट पाहून राहिला असंल."

भाऊंचा हात तसाच हवेत राहिला. मग ते म्हणाले, "बसा बाई. पोचवतो." आणि दार हळूच लावून घेतलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाडी निघे. मला जमेल तेव्हा मी मागे बसे. भाऊ वहिनींसाठी ड्रायव्हर झाले होते, आणि त्या ड्रायव्हरविषयी वहिनींची काही तक्रार नव्हती. घरी उतरलो की भाऊ मला बाजूला घेऊन विचारत, "आज काय बोलली?" भिंत इतकी घट्ट जमली होती की मागचा एक शब्द पुढे ऐकू जात नसे.

एकदा मी सांगितलं, "तुमच्याबद्दलच बोलत होत्या. म्हणाल्या, माहा नवरा ट्रक चालवते, उशिरा येते, पन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. आपल्या सीटच्या मागची भिंत कापून ते हातभर खिडकी पाडत होते. थर्माकोलचे पांढरे दाणे त्यांच्या केसांत, मिशांत अडकले होते.

त्या खिडकीतून त्यांना फार काही ऐकायला मिळालं नाही. वहिनींचं बोलणं लवकरच थांबलं, आणि पुढे त्याही गेल्या. पण त्या असेपर्यंत रोज गाडी निघाली, आणि मी मागून पाही: रस्ता मोकळा लागला की भाऊ वेग कमी करत आणि मान थोडी मागे, खिडकीकडे झुकवून गाडी चालवत राहत.