कण्हेरीचं कुंपण

आमचे हे कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्यातून निवृत्त झाले. घरातलं स्टोअर मात्र अजून चालू आहे. दांडा नसलेल्या छत्र्या, जोडीदार हरवलेले बूट, बंद घड्याळांचे पट्टे. कशाला हात लावला की उत्तर ठरलेलं, "राहू दे गं, लागेल."

लेक नर्स आहे. तिची मुलगी सव्वा वर्षाची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. नातीला आम्ही अजून फोनवरच पाहिलेलं. लेकीने बजावलं होतं, "अंगणातली कण्हेर मुळासकट काढा, मगच हिला घेऊन येते. पान, फूल, चीक, सगळं विषारी असतं. जाळू नका, धूरही वाईट. पोत्यात भरून टाकून द्या." मला त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं होतं. दुसरी कसलीच हौस उरली नव्हती माझी.

मग मी हात धुऊन ह्यांच्या मागे लागले. खोटं कशाला बोलू, राबले बिचारे. हातमोजे घालून फांद्या छाटल्या, पहारीने बुंधे उपटले, मुळं खणून काढली. पोती भरून गेलीसुद्धा. लेकीला फोटो पाठवला तेव्हा ह्यांची छाती अशी फुगली होती, की सदऱ्याच्या बटणांची मला काळजी वाटली.

त्यानंतर मी पाठदुखीने महिनाभर अंथरूण धरलं. तेवढ्यात ह्यांनी नातीसाठी वाळूचा हौद केला. वाळू अंगणभर पसरू नये म्हणून भोवती सरळसोट काठ्या ठोकल्या. धूळ उडू नये म्हणून रोज झारीने पाणी घातलं. असं प्रेम मला उभ्या जन्मात मिळालं नाही.

लेक आली. नातीला कडेवरून उतरवणार, तोच हौदापाशी थबकली. प्रत्येक काठीला हिरवी, टोकदार पालवी फुटली होती.

"बाबा, ह्या काठ्या कुठल्या?"

"आपल्याच. चांगल्या सरळ होत्या, टाकवेना."

"म्हणजे कण्हेरीच्या?"

ह्यांनी हातातली झारी पाठीमागे लपवली. नात मात्र त्या पालवीकडे दोन्ही हात पसरून झेपावत होती. लेकीने तिला घट्ट आवळून धरलं. "आणखी काय काय ठेवलंय ते तरी मला कसं कळणार?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. चहासुद्धा न घेता दोघी आल्या पावली परत गेल्या. माझी मांडी रिकामी ती रिकामीच. मला रडू आवरेना.

पाठ दुखत होती तरी मी मोजे चढवले आणि सगळ्या काठ्या उपटून पोत्यात कोंबल्या. हे पायरीवर बसून बघत होते, चेहरा पार पडलेला. मी पोत्याचं तोंड बांधायला लागले तसे हळूच म्हणाले,

"पोतं नवं आहे गं. जुन्यात भर ना. हे लागेल."